शोधक यंत्रांच्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या विज्ञान प्रकल्पांतील भारताच्या सहभागावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख मनापासून आवडला. मंजुऱ्या, कोटींचे आकडे, संस्थांची नावे, सगळे त्यात नीट दिले आहे. पण ही यंत्रे प्रत्यक्षात बनतात कशी, त्यांच्या हजारो सुट्या भागांचा हिशेब कोण ठेवतो आणि कशात ठेवतो, याबद्दल त्यात एक ओळही नाही. लेखकाला दोष देत नाही, कारण या विषयावर कुणीच लिहीत नाही. माझे पोट मात्र याच कामावर चालते आणि या कामाबद्दल मला फार वाटते, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, तरी जागा मिळाल्यास छापावे ही विनंती.

मी डेटाबेस अभियंता आहे. सुरुवातीची नोकरी चाकणच्या बाजूला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात केली. तिथे रूट कार्ड, हीट नंबर (धातू एका भट्टीत एका वेळी ओतला त्या घाण्याचा क्रमांक), इन्स्पेक्शन रिपोर्ट ही रोजची भाषा होती. पुढे युरोपातल्या एका प्रयोगशाळेत, कणभौतिकीच्या शोधक यंत्रासाठी म्हणजे डिटेक्टरसाठी लागणारे भाग जिथे जोडले जात होते, तिथे उत्पादनाच्या नोंदींची व्यवस्था उभारण्याच्या कामात होते. आता पुण्यात परतले आहे. दोन्हीकडचे पाहिल्यामुळे जे म्हणायचे आहे ते ठामपणे म्हणू शकते. आपल्याकडच्या अशा प्रत्येक प्रकल्पात, पहिला भाग हातात येण्याच्या आधी, भागांची नोंद ठेवणारा डेटाबेस तयार असला पाहिजे. त्यासाठी वेगळे पैसे आणि वेगळी माणसे ठेवलेली असली पाहिजेत. हे काम फावल्या वेळात कुणीतरी करून टाकेल असे धरून चालत नाही.

आधी पसारा केवढा असतो ते सांगते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रावर अ‍ॅटलस आणि सीएमएस हे दोन मोठे प्रयोग आहेत. पुढच्या टप्प्यात तिथे प्रोटॉनांच्या टकरी कितीतरी वाढणार आहेत आणि आजच्या शोधकांना तो मारा सोसणार नाही. म्हणून अ‍ॅटलसच्या गाभ्यातला, कणांचा माग काढणारा सगळा भाग नव्याने बांधला जात आहे. त्याचे नाव इनर ट्रॅकर. कामावरची माणसे त्याला आयटीके म्हणतात. त्यातल्या नुसत्या पट्टीदार सिलिकॉनच्या विभागात जवळपास 18 हजार मॉड्यूल, म्हणजे सेन्सरवर चिपचे सर्किट बसवून केलेले सुटे घटक, आणि सुमारे 165 चौरस मीटर सिलिकॉन आहे. हे एका छताखाली बनत नाही. सेन्सर जपानहून येतात, चिप दुसरीकडून, लवचिक सर्किट तिसरीकडून. जोडणी अनेक देशांतल्या विद्यापीठांत होते, तयार मॉड्यूल आणखी कुठेतरी कार्बन फायबरच्या चौकटींवर चढतात आणि मग सगळे सर्नला पोहोचते. याआधी सीएमएसचा आजचा ट्रॅकर बांधला गेला तेव्हाही असाच व्याप होता. त्यात 15,148 मॉड्यूल आणि 24,244 सेन्सर होते, आणि त्यांच्या नोंदींचा मध्यवर्ती डेटाबेस फ्रान्समधल्या ल्यों शहरात होता.

आता एकच मॉड्यूल डोळ्यांसमोर आणा. सुमारे दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा जाड असा सिलिकॉनचा चौकोन. त्यावर चिप बसवलेले सर्किट गोंदाने चिकटवायचे. गोंद किती पसरला, थर किती जाड आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. मग चिप आणि सेन्सरवरच्या पट्ट्या यांच्यामध्ये 25 मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक, अ‍ॅल्युमिनियमची तार टाकायची. अशा तारा एका मॉड्यूलवर हजारोंनी असतात. नमुन्याच्या काही तारा मुद्दाम ओढून तोडायच्या आणि किती ग्रॅमला तुटल्या ते लिहायचे. मग व्होल्टेज टप्प्याटप्प्याने 500 पर्यंत चढवत गळतीचा प्रवाह मोजायचा. मग उणे 35 ते अधिक 40 अंश सेल्सियस अशी थंड-गरमची आवर्तने द्यायची आणि पुन्हा मोजायचे. प्रत्येक पायरीवर कुणी केले, कधी केले, कोणत्या यंत्रावर केले, गोंदाची बॅच कोणती, छायाचित्र कुठे आहे, हे सगळे नोंदायचे. एका मॉड्यूलचे हे असे. त्याला 18 हजारांनी गुणा.

ही सगळी माहिती ज्यात बसते तो उत्पादनाचा डेटाबेस. आयटीकेसाठी तो चेक प्रजासत्ताकातल्या युनिकॉर्न या सॉफ्टवेअर संस्थेच्या मदतीने उभारला गेला. त्यात प्रत्येक भागाला 14 अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. पहिले दोन आकडे, 20, हे अ‍ॅटलसचे. पुढचे यू हे अक्षर नव्या बांधणीचे. त्यानंतर तो भाग कोणत्या विभागातला, कोणत्या प्रकारचा, आणि शेवटी त्याचा अनुक्रमांक. चिपला क्रमांक असतो, चिप बसते त्या सर्किटला असतो, सर्किट चिकटते त्या मॉड्यूलला असतो आणि मॉड्यूल चढते त्या चौकटीलाही असतो. कोण कुणात बसले आहे याची साखळी डेटाबेसमध्ये राहते. म्हणजे उद्या एखाद्या वेफरमध्ये, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात तिच्यात, दोष निघाला, तर त्या वेफरच्या चिप आज कोणत्या देशात, कोणत्या चौकटीवर, कोणत्या जागी आहेत हे काही मिनिटांत सांगता येते. माल एका संस्थेतून दुसरीकडे निघाला की त्याचीही नोंद होते, आणि समोरच्याने 'मिळाला' म्हणेपर्यंत तो वाटेतच दाखवला जातो.

मला फार आवडलेली एक गोष्ट सांगते. सेन्सरवर कागदी लेबल चिकटवता येत नाही. मग त्याची ओळख पटवायची कशी? सेन्सरच्या काठाशी धातूचे अगदी छोटे चौकोन ओळीने असतात आणि त्यातले ठरावीक चौकोन बनवतानाच ओरखडलेले असतात. कोणते ओरखडलेले आणि कोणते कोरे यावरून क्रमांक वाचायचा. क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळमुक्त खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली तो काठ पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ नजर काढली नव्हती. पाकीट बदलले, डबा बदलला, बाहेरचा बारकोड निघून पडला, तरी भाग आपली ओळख अंगावर घेऊन असतो. आमच्या डेटाबेसमध्ये म्हणूनच एक नियम होता. पाकिटावरचा क्रमांक आणि ओरखड्यांवरून वाचलेला क्रमांक जुळल्याशिवाय पुढची पायरी उघडायचीच नाही.

असे नियम टेबलाशी बसून सुचत नाहीत. माझे वरिष्ठ मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की टेबलांचे आराखडे नंतर काढ, आधी वायर बाँडिंगच्या, म्हणजे त्या बारीक तारा जोडणाऱ्या, यंत्राशेजारी स्टूल टाकून बस. तिथे काम करणाऱ्या बाई या कामात मुरलेल्या होत्या. दोन हातमोजे एकावर एक, तोंडावर मास्क, डोळे सूक्ष्मदर्शकाला. आम्ही त्यांना जो फॉर्म भरायला दिला होता तो भरायचा तर हातमोजे काढावे लागत, खोलीबाहेर यावे लागत. मग त्या दिवसभराचे आकडे क्लीन रूमच्या कागदावर टिपून ठेवत आणि संध्याकाळी एकदम टाइप करत. आकडे बरोबर असत, पण वेळा सगळ्या संध्याकाळच्या. नंतर तारा सैल पडू लागल्या आणि 'कधीपासून' असे विचारायची वेळ आली, तेव्हा त्या वेळांचा उपयोग होईना.

त्यांच्याशी बोलताना आणखी एक कळले. तार दाबणारे टोक, ज्याला वेज म्हणतात, ते झिजते आणि बदलावे लागते. नवे टोक लावल्यावर पहिले काही मॉड्यूल वेगळे वागतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. फॉर्ममध्ये मात्र वेजसाठी खानाच नव्हता, कारण फॉर्म ठरवणाऱ्यांपैकी कुणी त्या यंत्रावर काम केलेले नव्हते. आम्ही तो खाना घातला. वेळ, यंत्राची मांडणी, तापमान, आर्द्रता हे सगळे यंत्राच्या लॉगमधून आपोआप उचलायला लावले. बाईंनी फक्त जिगवरचा, म्हणजे मॉड्यूल धरून ठेवणाऱ्या साच्यावरचा, बारकोड स्कॅन करायचा आणि काही वेगळे दिसले तरच दोन ओळी लिहायच्या. त्यानंतर नोंदी वेळच्या वेळी येऊ लागल्या. त्यांनी लिहिलेल्या त्या दोन-दोन ओळी पुढे आलेखांइतक्याच कामी आल्या.

तापमानाचा उल्लेख आला म्हणून थोडे सविस्तर लिहिते, कारण नोंद अर्धवट ठेवली तर काय होते ते यातून स्पष्ट दिसते. सिलिकॉनमधून गळणारा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो आणि साधारण सात अंशांनी दुप्पट होतो. एका प्रयोगशाळेत खोली 20 अंशांवर आणि दुसरीकडे 27 अंशांवर असेल, तर तोच सेन्सर पहिल्या ठिकाणी पास आणि दुसऱ्या ठिकाणी संशयास्पद ठरू शकतो. म्हणजे प्रवाहाचा आकडा तापमानाशिवाय लिहिला तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. हवेतल्या दमटपणाचेही तसेच. दमट हवेत व्होल्टेज चढवताना सेन्सर लवकर कोलमडतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. म्हणून चांगला डेटाबेस तापमान आणि आर्द्रता रिकामी ठेवू देत नाही. एककही तो आपल्या मनाने धरत नाही. नॅनोअँपिअर की मायक्रोअँपिअर हे विचारतो. जर्मनीतल्या एक्सेलमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात. दहा ठिकाणांहून आकडे एकत्र येतात तेव्हा या बारीकसारीक गोष्टींनी महिनेच्या महिने खाल्लेले मी पाहिले आहेत.

एका ठिकाणचा अनुभव नाव न घेता लिहिते. संस्था नामवंत होती, माणसे हुशार होती. पण नोंदी पीएच.डी. करणाऱ्या एका मुलाच्या संगणकावर एक्सेलमध्ये होत्या. मुलगा मेहनती होता, त्याने सगळे मन लावून ठेवले होते. पदवी मिळाली, तो दुसऱ्या देशात गेला. त्याच्या मागे राहिलेल्या फायलींमध्ये एकाच नावाच्या तीन-तीन प्रती होत्या आणि कोणती शेवटची हे सांगायला कुणी नव्हते. प्रवाहाचे आकडे होते, तापमानाचे नव्हते. शेवटी सेन्सरच्या खोकीच्या खोकी पुन्हा उघडून पुन्हा मोजावी लागली. असा सेन्सर हाताळायचा म्हणजे दर वेळी ओरखड्याचा, काठ उडण्याचा धोका असतो, आणि त्यातले काही खरोखरच गेले. त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. नोंद ठेवणे हे त्याचे काम म्हणून कुणी लिहून दिलेले नव्हते, त्यासाठी पद नव्हते आणि पैसे नव्हते. मला राग येतो तो या गोष्टीचा.

नोंदी असल्या की काय साधते याचे दाखले आयटीकेमध्येच आहेत. उत्पादन चालू असताना सेन्सरच्या काही बॅचमध्ये शेजारच्या पट्ट्यांमधले विद्युत विलगीकरण कमी भरू लागले, काही सेन्सर अपेक्षेआधीच कोलमडू लागले. वेगवेगळ्या ठिकाणच्या तपासण्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर पृष्ठभागावर साठलेल्या स्थिर विजेकडे बोट गेले. आयनयुक्त हवेचा झोत, अतिनील प्रकाश अशा उपायांनी त्यातले बरेच सेन्सर पुन्हा वापरण्याजोगे झाले. नोंद नसती तर 'ही बॅच वाईट' म्हणून तो माल बाजूला टाकला गेला असता.

दुसरा दाखला अधिक किचकट आहे. मॉड्यूल खूप थंड केले की काही पट्ट्यांच्या विद्युत संकेतांतला गोंगाट वाढायचा. काहींमध्ये वाढायचा, काहींमध्ये नाही. शोध घेता घेता कारण निघाले ते वीजपुरवठ्याच्या छोट्या पाटीवरचे कपॅसिटर. ते सेकंदाला वीस लाखांच्या वारंवारतेने कंप पावत होते आणि तो कंप गोंदातून सेन्सरपर्यंत पोहोचत होता. गोंद कोणता वापरला आणि कुठे लावला यावर परिणाम बदलत होता. गोंदाचे नाव आणि बॅच ही कुणालाही कंटाळवाणी वाटेल अशी नोंद, पण अशा शोधात तिच्यावाचून पुढे सरकता येत नाही. पुढे थंडीत सेन्सरला तडे जाण्याचा प्रश्न आला. सर्किट आणि सिलिकॉन कमी-जास्त आकुंचन पावतात म्हणून हे होत होते, आणि मधे कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकचा एक थर घालण्याचा उपाय पुढे आला. त्यामुळे जुन्या रचनेचे मॉड्यूल कोणते, नव्या रचनेचे कोणते, हा भेद डेटाबेसमध्ये चोख असावा लागला.

याहून मोठी घटना वाचकांना आठवत असेल. लार्ज हेड्रॉन कोलायडर 10 सप्टेंबर 2008 रोजी सुरू झाला आणि 19 सप्टेंबरला दोन चुंबकांमधला एक विद्युत सांधा निकामी होऊन मोठा अपघात झाला. टनावारी हेलियम बोगद्यात सुटला, 53 चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला 2009 चा नोव्हेंबर उजाडला. त्यानंतर अभियंत्यांनी आधीच साठवलेल्या तापमानाच्या नोंदी पुन्हा चाळल्या. दुसऱ्याच एका विभागात एका चुंबकाजवळ किंचित जास्त उष्णता निर्माण होत होती. तो चुंबक काढून पाहिला तेव्हा आतल्या सांध्यात खरोखरच दोष निघाला. त्या कोलायडरमध्ये असे 1,232 मुख्य द्विध्रुवी चुंबक आहेत, प्रत्येक 15 मीटर लांब. प्रत्येकाच्या निर्मितीचे आणि चाचण्यांचे दप्तर सर्नने पहिल्यापासून संगणकावर ठेवले आहे. मराठी वाचकांना हेही ठाऊक असावे की या अवजड चुंबकांना मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमक्या जागी उभे करणारे जॅक भारतात बनले, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली.

आपला सहभाग तेवढाच नाही. सीएमएसच्या प्रीशॉवर शोधकासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठ यांनी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सुमारे हजार सिलिकॉन सेन्सर बनवून घेतले. जपानमधल्या बेल-दोन प्रयोगाच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जोडला. आणि आता सीएमएसच्या दोन्ही टोकांना जो नवा ऊर्जामापक बसणार आहे, त्याला कामावर एचजीकॅल म्हणतात, त्याचे षटकोनी मॉड्यूल जगात ज्या सहा केंद्रांवर जोडले जात आहेत त्यातले एक आपल्या कुलाब्याला, याच संस्थेत आहे. त्या यंत्रात सुमारे 620 चौरस मीटर सिलिकॉन आणि 60 लाखांच्या आसपास वाहिन्या, म्हणजे स्वतंत्रपणे वाचले जाणारे संकेतमार्ग, आहेत. एकदा जमिनीखालच्या दालनात उतरवून बंद केले की त्यातला एखादा भाग सहज बदलता येणार नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे एखादी वाहिनी का बिघडली हे शोधायचे तर जोडणीच्या दिवसाची नोंदच उघडावी लागेल. ती नोंद मुंबईतला कुणी तंत्रज्ञ आज करतो आहे. आपल्या वाचकांनी त्याच्या कामाचे मोल जाणावे असे मला फार वाटते.

मात्र माझी खरी काळजी आहे ती हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाची. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या शोधकाच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. त्यांच्या निर्वात नळ्या आणि इमारती आपण बांधायच्या आहेत, तर लेसर, आरसे, त्यांची टांगणी असे आतले बरेच साहित्य अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेकडून यायचे आहे. ते त्यांच्या तिसऱ्या यंत्राचे साहित्य असून हॅनफर्ड इथे वर्षानुवर्षे जपून ठेवलेले आहे. ज्यांनी ते बनवले, तपासले, खोक्यात भरले, त्यातले किती जण औंढ्यात खोकी उघडताना हजर असतील? त्यांच्या वतीने बोलायला फक्त नोंदी असतील. लायगोने त्या ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे आराखड्यांचे क्रमांक डी या अक्षराने आणि प्रत्यक्ष भागांचे एस या अक्षराने सुरू होतात आणि प्रत्येकाचे दप्तर असते. या व्यवस्थेला जोडून घेणारी आपली व्यवस्था खोकी येण्याच्या आधी चालू झालेली असली पाहिजे.

निर्वात नळ्यांचे तर सगळे आपल्याच हातात आहे. आठ किलोमीटरची नळी म्हणजे किती वेल्डिंग, याचा विचार करा. एका जोडातून बारीकशी गळती निघाली तर तो जोड कोणत्या वेल्डरने, कोणत्या दिवशी, कोणत्या हीटच्या पत्र्यावर केला आणि त्याच हीटचा पत्रा आणखी कुठे वापरला आहे, हे लगेच कळायला हवे. पत्रा गोदामात उतरवताना हीट नंबर नोंदला नाही, नळीचा तुकडा कापताना तो क्रमांक दुसऱ्या तुकड्यावर उतरवला नाही, तर तो दुवा तिथेच तुटतो आणि नंतर कितीही पैसे ओतले तरी परत जुळत नाही.

इथे चाकण-भोसरीचा अनुभव उपयोगी पडेल असे मला वाटते. मोटारींच्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे आपले छोटे कारखानदार ट्रेसेबिलिटी, म्हणजे प्रत्येक भागाचा मागोवा, कशाशी खातात हे चांगले जाणतात. एखादा ब्रेकचा भाग परत आला तर बॅच शोधून द्यावीच लागते, नाहीतर ऑर्डर जाते. विज्ञान प्रकल्पांचे काम मात्र अनेकदा शे-दोनशे नगांचे असते. टेंडरमध्ये आराखडा असतो, मोजमापे असतात आणि शेवटी 'तपासणी अहवाल जोडावा' एवढी ओळ. मग कारखानदार कागद स्कॅन करून पीडीएफ पाठवतो. त्या चित्रातले आकडे कुणीतरी पुन्हा हाताने टाइप करते, किंवा करतच नाही. टेंडरमध्येच लिहावे की प्रत्येक नगावर लेसरने क्रमांक कोरलेला हवा, मोजमापे ठरलेल्या रचनेच्या फायलीत हवीत, मालाचे टेस्ट सर्टिफिकेट त्या क्रमांकाशी जोडलेले हवे, आणि या कामाचे दर वेगळे भरावेत. वेगळे दर का, तर फुकटात मागितलेली नोंद घाईत होते. माझ्या ओळखीतल्या कारखानदारांना पैसे मिळणार असतील तर हे करायला काहीच अडचण नाही.

रिजेक्ट झालेल्या भागांबद्दल एक वेगळी विनंती. आपल्याकडे रिजेक्शन लपवण्याकडे कल असतो, कारण ते विचारले की माणसाला बोलणी बसतात. नापास मॉड्यूलची नोंद पास मॉड्यूलइतकीच पूर्ण ठेवावी लागते. वर सांगितलेल्या शोधांमध्ये नापास भागांच्या नोंदीच कामी आल्या. म्हणून मी जिथे काम केले तिथे डेटाबेसमध्ये चाचणी पुसून टाकण्याची सोयच ठेवली नव्हती. चाचणी पुन्हा करता येते, जुनी मात्र तशीच राहते आणि पुन्हा का केली ते लिहावे लागते. असे लिहिणाऱ्याला त्रास होणार नाही, ही हमी प्रकल्पप्रमुखाने स्वतः उभे राहून द्यायला हवी. ती सॉफ्टवेअरमधून देता येत नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून सांगते. यासाठी फार महागडे काही लागत नाही. पोस्टग्रेससारखा मोफत मिळणारा डेटाबेस, चांगला सर्व्हर, त्याची दुसऱ्या शहरात रोज जाणारी प्रत, बारकोडचे स्कॅनर. खर्च होतो तो माणसांवर, आणि तो व्हायलाच हवा. प्रकल्पाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकणारी दोन-तीन पदे हवीत. दर वर्षी बदलणाऱ्या कंत्राटी मुलांवर हे सोडले की माझ्या अनुभवातल्या त्या संस्थेसारखी गत होते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकाची हजारो मुले बाहेर पडतात. त्यातल्या काहींना एक सत्र क्लीन रूममध्ये किंवा वेल्डिंगच्या शेडमध्ये बसवले, तर ती किती वेगळ्या तऱ्हेने विचार करायला लागतात ते मी शिकाऊ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. आणि औंढ्याला काम करणारे फिटर, वेल्डर, स्टोअरकीपर हिंगोली-परभणी-नांदेडच्या आयटीआयमधून येणार असतील, तर त्यांच्यासमोरचा स्क्रीन मराठीत असावा. डेटाबेसला भाषेने काही फरक पडत नाही, भरणाऱ्याला पडतो.

संबंधित संस्थांमधल्या शास्त्रज्ञांना यातले बरेच माझ्याहून जास्त माहीत आहे. पण अर्थसंकल्पाच्या बैठकीत काटछाट करायची वेळ आली की आधी कात्री लागते ती अशा न दिसणाऱ्या कामांना, हेही त्यांनी अनुभवले असेल. लोकप्रतिनिधी आणि निधी देणारे विभाग आपले वृत्तपत्र वाचतात. त्यांना माझे सांगणे आहे की प्रस्तावात भागांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र तरतूद आणि स्वतंत्र पदे दाखवलेली नसतील तर तो प्रस्ताव परत पाठवावा. आणि आपल्या प्रतिनिधींनी औंढ्याच्या कामाचे वार्तांकन करताना जमिनीच्या आणि रस्त्यांच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारावा की आज गोदामात उतरलेल्या पत्र्याचा हीट नंबर कुठे नोंदला आहे, आणि तो आम्हाला दाखवता का.

कळावे,
आपली,
एक डेटाबेस अभियंता, चिंचवड, पुणे